घोटा जोडल्यानंतर पुन्हा चालायला शिकताना

माझा डावा घोटा आता हलत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडून तो मोडला. हाड जुळलं, पण सांध्यातली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) झिजत गेली आणि शेवटी रात्री झोपेतही ठणका लागायला लागला. म्हणून अँकल फ्यूजन करून घेतलं. या शस्त्रक्रियेत नडगीचं हाड आणि त्याच्या खालचं टॅलस नावाचं हाड यांच्यामधली उरलीसुरली कूर्चा काढून टाकतात, दोन्ही हाडं एकमेकांना भिडवून स्क्रूंनी किंवा प्लेटने घट्ट आवळतात आणि त्यांचं एकच हाड होऊ देतात. हाडं नीट जुळली की त्या सांध्याचं दुखणंही थांबतं.

शस्त्रक्रियेबद्दल मला बरंच सांगितलं गेलं होतं. नंतर चालायचं कसं, हे मात्र घरी येऊन फिजिओताईंकडून पायरीपायरीने शिकले. त्यातले सुरुवातीचे कितीतरी दिवस मी जुनी चाल परत आणण्याच्या मागे घालवले. ती येत नाही. घोटा जे काम करायचा ते गुडघा, कंबर, चवडा आणि बूट यांच्यात वाटून द्यावं लागतं. हे मला आधी कळलं असतं तर बरेच हाल वाचले असते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

खाली दिलेले आठवडे साधारण आहेत. मधुमेह असेल, हाड ठिसूळ असेल किंवा एकापेक्षा जास्त सांधे जोडले असतील तर डॉक्टर जास्त वेळ सांगतात. त्यांचं वेळापत्रक आणि माझा लेख यांत फरक पडला तर त्यांचंच ऐका.

पायरी १ : आधी घर तयार करा

शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यातच वॉकर किंवा कुबड्या आणा आणि दोन्ही पाय धड असताना त्यांच्यावर चालायचा सराव करा. नंतर दुखत्या पायाने आणि औषधांच्या गुंगीत हे शिकणं फार कठीण जातं. सरळ उभं राहून हात खाली सोडले की मनगटाची घडी जिथे येते तिथे कुबडीची मूठ हवी. काख आणि कुबडीचा वरचा भाग यांत दोन-तीन बोटं जातील एवढी जागा ठेवा. भार तळहातांवर घ्यायचा, काखेवर नाही, नाहीतर काखेतल्या नसा दबून हाताला मुंग्या येतात.

पायपुसणी आणि सतरंज्या उचलून ठेवा. उंबरठ्यांची मोजणी करा, आमच्या घरात पाच निघाले. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोड खुर्ची लागेलच. न्हाणीघरात पाठ असलेलं प्लास्टिकचं स्टूल ठेवा आणि भिंतीला पकडायचा दांडा बसवून घ्या.

तंबाखूबद्दल सरळच सांगते. बिडी-सिगारेट, गुटखा, मिश्री, तपकीर, सगळ्यांत निकोटीन असतं. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड न जुळण्याचा धोका बराच वाढतो. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका डॉक्टरांनी विचारलं की “तंबाखू नाही खात” म्हणतात, कारण मिश्रीला त्या तंबाखू धरतच नाहीत. डॉक्टरांना खरं सांगा आणि हाड जुळेपर्यंत तरी डबी घरातून बाहेर काढा.

पायरी २ : पाय न टेकवण्याचे दिवस

बहुतेकांना पहिले साधारण ६ आठवडे त्या पायावर अजिबात भार द्यायचा नसतो. पहिले दोन आठवडे पाय छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवणं हेच मुख्य काम. उशा पोटरीखाली घ्या आणि टाच मोकळी ठेवा, टाचेखाली उशी आली तर तिथली कातडी दुखावते. पाय खाली सोडला की तो जांभळा पडतो, ठणकतो, आणि माणूस घाबरतो. पाय वर घेतल्यावर ते ओसरत असेल तर बहुधा काळजीचं कारण नसतं.

झोपून राहिलं तरी चालण्याची तयारी इथेच सुरू होते. तासातासाला बोटं हलवा. गुडघा सरळ ठेवून मांडीचा स्नायू आवळा, ५ आकडे मोजा, सोडा. डॉक्टरांनी परवानगी दिली की पाय सरळ ठेवून वीतभर वर उचला, कुशीवर वळून बाजूला उचला. पुढे चालताना घोट्याची उणीव हेच स्नायू भरून काढणार असतात.

लिफ्ट नसलेल्या इमारतीत किंवा माडीच्या घरात राहणाऱ्यांसाठी सगळ्यात सुरक्षित उपाय म्हणजे जिना बसून चढणं. खालच्या पायरीवर पाठमोरं बसा, दोन्ही हात वरच्या पायरीवर ठेवा, चांगल्या पायाने रेटा द्या आणि एकेक पायरी बुडावर वर सरका. उतरताना तसंच. मी तीन मजले असेच चढले. शेजाऱ्यांसमोर पहिल्यांदा लाज वाटली, पण कुबड्या घेऊन ओल्या जिन्यावर घसरणं जोडलेल्या हाडाला परवडणारं नसतं.

पोटरी दुखून टणक झाली, अचानक सुजली, किंवा धाप लागून छातीत दुखलं, तर उशीर न करता रुग्णालय गाठा, पायात रक्ताची गाठ झालेली असू शकते. ताप, जखमेतून पू, लाली पसरत जाणं, यांसाठीही त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

पायरी ३ : भार मोजून द्या

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणतात, “आता थोडा भार द्या.” थोडा म्हणजे किती, ते किलोमध्ये विचारा. मला सुरुवातीला १५ किलो सांगितले होते.

यासाठी वजनाचा काटा वापरा. काट्याची सुई फिरते तसला जुना काटा चांगला, कारण आकडे दाखवणारे बरेच काटे एकदा वजन दाखवून थांबतात. काट्याशेजारी तेवढ्याच उंचीचा पाट ठेवा. वॉकर धरून चांगला पाय पाटावर, वॉकिंग बूट (घोट्याला हलू न देणारा आधाराचा बूट) घातलेला पाय काट्यावर. हळूहळू कलत सुई १५ वर आणा आणि ते दडपण तळव्याला कसं लागतं ते लक्षात ठेवा. मग डोळे मिटून पुन्हा कला आणि उघडून सुई पाहा. पहिल्या दिवशी मला १५ वाटत होते तेव्हा काटा ३० दाखवत होता! आठवडाभर सकाळ-संध्याकाळ केल्यावर अंदाज बसतो.

यानंतर साधारण ६ आठवडे गुडघ्यापर्यंतचा वॉकिंग बूट घालून टप्प्याटप्प्याने भार वाढतो. बुटाचा तळ जाड असल्याने दोन्ही पायांची उंची वेगळी होते आणि कंबर भरून येते. दुसऱ्या पायात तेवढ्याच उंचीचा बूट घाला, फरक लगेच जाणवेल.

किती चालावं याला मी एकच नियम लावला. संध्याकाळी थोडं दुखलं, सुजलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही आदल्या सकाळपेक्षा जास्त दुखत असेल तर त्या दिवशी निम्मं चालायचं.

पायरी ४ : पाऊल टाकायला शिका

साधारण ३ महिन्यांनी हाड जुळल्याचं दिसलं की बूट सुटतो आणि खरं शिक्षण सुरू होतं.

आधी धडधाकट घोटा काय करतो ते समजून घ्या. टाच टेकली की तो पावलाला अलगद खाली आणतो. मग पाऊल जमिनीवर असताना नडगी त्याच्यावरून पुढे झुकते. शेवटी पोटरी टाच उचलते आणि चवड्यावरून शरीर पुढे ढकललं जातं. फ्यूजननंतर मधला झुकाव जवळजवळ जातो. पावलाच्या मधल्या सांध्यांत थोडी वर-खाली हालचाल उरते, तेवढीच आपली पुंजी. म्हणून नव्या चालीत टाच लवकर उचलावी लागते आणि पाऊल आखूड ठेवावं लागतं.

पहिले काही दिवस स्वयंपाकाच्या ओट्याशी काढा. ओटा धरून पावलं खांद्यांएवढी लांब ठेवा आणि भार एका पायावरून दुसऱ्यावर न्या. मग जोडलेला पाय पुढे, दुसरा मागे ठेवून शरीर पुढे-मागे झुलवा. पुढे जाताना गुडघा किंचित वाकू द्या आणि टाच उचलली जाऊ द्या. पाय चवड्यावर घरंगळतो तो क्षण नीट ओळखा. चालताना हेच हवं आहे.

मग फरशीवर या. घरात २ फुटी टाइल्स असतील तर त्यांच्या रेषा म्हणजे आयता फळा आहे. पावलं रेषेच्या दिशेने पडताहेत का पाहा. आपली सगळ्यात मोठी खोड म्हणजे पाय बाहेर फिरवून आतल्या कडेवरून पुढे जाणं. त्याने घोट्याचा अडथळा टळतो, पण पिळा गुडघ्यावर पडतो आणि काही महिन्यांत गुडघा बोलायला लागतो. शस्त्रक्रियेतच पाऊल साधारण ५ ते १० अंश बाहेर वळवून बसवलेलं असतं, चांगल्या पायाशी जुळेल असं. त्याहून जास्त बाहेर जाऊ देऊ नका.

दुसरी खोड असते चांगल्या पायाने लंगडत घाईचं पाऊल टाकण्याची. जोडलेल्या पायावर उभं राहायची भीती असते, म्हणून चांगला पाय चटकन खाली येतो. डोळ्यांना हे दिसत नाही, कानांना कळतं. “ठक...ठक-ठक...ठक” असा आवाज येत असेल तर दोन्ही पावलं आखूड करा आणि मनात संथ लयीत एक-दोन, एक-दोन म्हणत चाला. लांब पाऊल नंतर आपोआप येतं, आधी दोन्ही सारखी व्हायला हवीत. मला हे जमायला जवळपास दोन महिने लागले.

तिसरं, गुडघा मागे लॉक होऊ देऊ नका. पाऊल टेकताना तो जरासा सैल हवा. घरातल्या कुणाला तरी मागून आणि बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा आणि दर पंधरा दिवसांचे व्हिडिओ शेजारी ठेवून बघा. रोजच्या रोज आपल्याला फरक कळत नाही आणि मन खचतं. व्हिडिओत तो दिसतो.

काठी घ्यायची झाल्यास ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात घ्या. दुखऱ्या पायाच्याच हातात काठी धरलेली अनेक माणसं रस्त्यात दिसतात. तसं केल्याने शरीर त्याच बाजूला कलतं आणि काठीचा फायदा फारसा राहत नाही. लंगडणं पूर्ण जाईपर्यंत काठी सोडण्याची घाई करू नका.

पायरी ५ : बुटावर पैसे खर्च करा

घोट्याचा हरवलेला झुकाव बुटाला देता येतो. त्यासाठी तळ पुढून वर वळलेला हवा, होडीच्या तळासारखा. त्याला रॉकर सोल म्हणतात. मऊ टाच टेकतानाचा धक्का शोषते, वळलेला पुढचा भाग पाऊल पुढे घरंगळवतो. धावण्याच्या काही जाड तळाच्या बुटांत असा आकार तयार मिळतो. दुकानात बूट टेबलावर ठेवा आणि नाकाकडून दाबा, मागची टाच सहज वर उचलली गेली पाहिजे. मधोमध दुमडणारा लवचिक बूट घेऊ नका.

तयार मिळाला नाही तर ऑर्थोटिक्सच्या, म्हणजे हातापायांना आधार देणारी साधनं बनवणाऱ्या, कार्यशाळेत आपल्या बुटालाच तळ लावून मिळतो. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे असे बूट आणि साधनं बनवणारा विभाग आहे. मोठ्या शहरांत खासगी ठिकाणीही हे काम होतं.

आपल्याकडे घरात अनवाणी वावरायची सवय असते. फ्यूजननंतर अनवाणी चालणंच सगळ्यात अवघड जातं, कारण मदतीला ना उंच टाच असते ना वळलेला तळ. घरासाठी बुटांचा वेगळा, स्वच्छ जोड ठेवा. सपाट कोल्हापुरी आणि मागे पट्टा नसलेल्या स्लिपर यांना निरोप द्या. स्लिपर पकडायला बोटं आवळावी लागतात आणि चाल बिघडते.

पायरी ६ : जिना, चढ, पाऊस

जिन्यासाठी एक सूत्र पाठ करा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना जोडलेला पाय आधी. कठडा धरा. उतरताना जोडलेल्या पावलाचा पुढचा भाग पायरीच्या कडेबाहेर थोडा काढला तर तो कडेवरून घरंगळतो आणि दुसरा पाय खाली घेणं सोपं होतं. हे कठडा धरूनच शिका.

चढाचा रस्ता जिन्यापेक्षा त्रासदायक वाटतो, कारण पाऊल चढाच्या कोनात वाकत नाही. सरळ न जाता नागमोडी जा. एसटीची पहिली पायरी उंच असते, दांडा दोन्ही हातांनी धरून चांगला पाय आधी टाका आणि मागच्यांना थांबू द्या. पावसाळ्यात शहाबादी फरशी आणि शेवाळ यांपासून लांबच राहा. तोल सावरायला घोटा मदतीला येत नाही, म्हणून घसरलं की पडणं लवकर होतं.

पायरी ७ : जमिनीवरचं जगणं

उकिडवं बसताना दोन्ही टाचा टेकवता येत नाहीत, तो नाद सोडा. वज्रासनही बंद, कारण त्यात पाऊल सरळ मागे ताणावं लागतं. मांडी घालणं मात्र बऱ्याच जणांना काही महिन्यांनी जमतं, कारण त्यात मुख्य काम कमरेचं आणि गुडघ्याचं. घोट्याखाली घडी केलेला टॉवेल घ्या. जमिनीवरून उठताना चांगला पाय पुढे घेऊन त्याच्या तळव्यावर भार द्या, जोडलेल्या पायाचा गुडघा जमिनीवर ठेवा आणि खुर्चीला धरून वर या.

गाडी चालवायचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. उजवा पाय जोडलेला असेल तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही त्याच पायाचे, जोरात ब्रेक दाबता येतो का हे आधी थांबलेल्या गाडीत तपासा. मोटारसायकलीचा गिअर डाव्या पायाने आणि मागचा ब्रेक उजव्या पायाने चालतो, त्यामुळे कुठलाही पाय असला तरी अडचण येते. हातातल्या ब्रेकची गिअरविना स्कूटर सोपी, फक्त थांबताना चांगला पाय टेकवायची सवय लावून घ्या.

संध्याकाळची सूज ६ महिने ते वर्षभर राहू शकते. वर्षं सरतात तसा टॅलसच्या खालच्या आणि पुढच्या सांध्यांवर जास्त ताण येतो आणि तिथेही झीज होऊ शकते. कडेला किंवा पावलाच्या मध्यावर नवं दुखणं सुरू झालं तर “फ्यूजनचंच असेल” म्हणून सोडून देऊ नका, एक्स-रे काढून घ्या.

देवळात किंवा कुणाच्या घरी बूट काढावे लागतात तेव्हा मी मोज्याच्या आत सिलिकॉनची टाचेची उशी घालते. साधारण सेंटिमीटरभर उंची मिळते आणि गाभाऱ्यापर्यंत जाऊन परत येण्याएवढं चालणं त्यावर निभतं. ती उशी माझ्या पर्समध्ये कायम असते.