निवाऱ्यातील प्राणी घरी सांभाळणाऱ्यांना मानधन कसे द्यावे

निवाऱ्यातील आजारी किंवा लहान प्राणी काही आठवडे आपल्या घरी सांभाळणारी माणसे मुंबईत आजवर बहुतांशी पदरमोड करूनच हे काम करत आली आहेत. ज्यांच्याकडे वेळ आणि माया दोन्ही आहे, पण खर्चाची ऐपत नाही, अशी माणसे त्यामुळे बाहेरच राहतात. मानधन सुरू केल्यास ती पुढे येतील. मात्र पैसे नेमके कशाचे द्यायचे हे आधी ठरवले नाही, तर योजना प्राण्यांच्याच मुळावर येते.

दर प्राण्यामागे दर दिवसाला ठरावीक रक्कम देण्याची पद्धत सोपी वाटते, पण ती टाळावी. तिच्यात प्राणी जितके जास्त आणि मुक्काम जितका लांब तितकी कमाई अधिक, म्हणजे वन रूम किचनमध्ये सहा मांजरी कोंबण्याचा आणि दत्तक घ्यायला आलेल्यांना परतवून लावण्याचा मोह संस्थाच निर्माण करते. त्याऐवजी मानधन मासिक ठेवावे, एका घरात एका वेळी किती प्राणी हे लेखी ठरवावे आणि प्राणी महिन्याच्या मध्येच दत्तक गेला तरी रक्कम कापू नये. दर मात्र कामाच्या अवघडपणानुसार बदलावा. आईविना राहिलेल्या, चार आठवड्यांहून लहान मांजरीच्या पिल्लांना रात्रीसुद्धा दर दोन ते चार तासांनी पिल्लांसाठीचे खास दूध पाजावे लागते, कारण गाईचे दूध त्यांना मानवत नाही, आणि कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसून त्यांना शी-शू करवावी लागते. शस्त्रक्रियेनंतर पडून राहणाऱ्या शांत कुत्र्याच्या देखभालीइतकाच या रात्रपाळीचा मोबदला देणे अन्यायाचे आहे.

खर्चाची भरपाई मानधनात मिसळू नये. खाद्य, औषधे, लिटर (मांजरांच्या शी-शूसाठीची वाळू) आणि पिंजरा संस्थेने वस्तुरूपाने पुरवावा आणि पशुवैद्याचे बिल परस्पर भरावे. सांभाळणाऱ्याने आधी खिशातून भरायचे ठरले की उपचार पगाराच्या तारखेपर्यंत लांबतात. मानधन दरमहा ठरलेल्या दिवशी थेट खात्यात जमा करावे आणि त्यावरील कराबाबत योजना सुरू होण्यापूर्वीच हिशेबतपासनीसांना विचारावे.

घर निवडताना प्रत्यक्ष जाऊन पाहावे. खिडकीच्या ग्रिलमधून मांजर सहज निसटते, म्हणून वरच्या मजल्यावर जाळी बसवल्याखेरीज मांजर देऊ नये. घर भाड्याचे असल्यास मालकाची लेखी संमती घ्यावी. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण सोसायटीला ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. तरीही जिथे आधीच भांडण पेटले आहे अशा इमारतीत प्राणी न ठेवणेच शहाणपणाचे. घरात नुकताच पार्वोने (कुत्र्यांच्या जीवघेण्या, संसर्गजन्य विषाणूने) आजारी पडलेला कुत्रा असेल, तर लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू तिथे अनेक महिने देऊ नये. हा विषाणू फरशीवर दीर्घकाळ टिकतो आणि नेहमीच्या फिनाईलवर विसंबता येत नाही. त्यासाठी एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून वापरावे लागते.

रस्त्यावरच्या धडधाकट कुत्र्यांसाठी ही योजना नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी केलेला कुत्रा सर्वसाधारणपणे जिथून पकडला तिथेच परत सोडावा लागतो. मानधन पिल्लांसाठी, बरे होत असलेल्या जखमी प्राण्यांसाठी आणि मालकांनी टाकून दिलेल्या पाळीव प्राण्यांसाठी राखावे.

करार मराठीत, सोप्या भाषेत असावा. प्राण्याची जबाबदारी संस्थेचीच राहील आणि संस्थेचा माणूस पूर्वसूचना देऊन भेटीला येईल, हे त्यात लिहावे. प्राणी चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी, आणि लागणारा खर्च संस्था देईल, हेही त्यात असावे. गणपतीत आणि मे महिन्यात निम्मी मुंबई गावी जाते, तेव्हा बदली घरे आधीच नेमून त्यांनाही त्या दिवसांचे मानधन द्यावे. सांभाळणाऱ्यालाच प्राणी कायमचा हवासा झाल्यास पहिला हक्क त्याचा मानावा. पडताळणी मात्र इतर अर्जदारांसारखीच करावी आणि दत्तकपत्रावर सही झाल्यानंतर त्या प्राण्यासाठी पुढच्या महिन्याचे मानधन देऊ नये.