मुलांच्या खुब्याचं फ्रॅक्चर: वायर, स्क्रू की प्लेट ठरवताना या चुका टाळा

दरवर्षी कुणी ना कुणी रेसिडेंट थिसिसचा तक्ता घेऊन येतो. के-वायर (तुकडे धरून ठेवणारी बारीक तार), स्क्रू, प्लेट असे तीन रकाने, आणि खाली निष्कर्ष: वायरचे रिझल्ट वाईट. अरे, वायर घातली कुणाला? तीन-चार वर्षांच्या आतल्या पोरांना, त्यातही डेल्बेट टाइप १ला (डेल्बेट म्हणजे फ्रॅक्चरच्या जागेनुसार पाडलेले चार प्रकार), जिथे फ्रॅक्चर ग्रोथ प्लेटमधूनच, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या पट्टीतूनच जातं. प्लेट लागली टाइप ४ला, जिथे मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा मुळातच कमी दुखावतो. तुलना झाली फ्रॅक्चरची आणि बिल फाडलं धातूच्या नावावर! एव्हीएन (रक्त न मिळाल्याने हे डोकं मरणं) होणार की नाही, हे बरंचसं अपघाताच्या क्षणीच ठरतं, तुकडे किती सरकले त्यावर. सारखं वय आणि सारखा टाइप असलेलेच रुग्ण शेजारी मांडा. संख्या तुटपुंजी होईल, होऊ द्या. मुलांच्या एकूण फ्रॅक्चरांत ही १ टक्क्याहूनही कमी असतात.

दुसरी चूक माझ्या स्वतःच्या हातची. नऊ वर्षांची मुलगी, टाइप २, मांडीच्या हाडाच्या मानेच्या मधोमध फ्रॅक्चर. ग्रोथ प्लेट वाचवायच्या नादात दोन्ही स्क्रू तिच्या अलीकडेच थांबवले. सी-आर्मवर (थिएटरमधलं एक्स-रे यंत्र) चित्र देखणं होतं, पण फ्रॅक्चरच्या पलीकडे जेमतेम तीन आटे. सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेत मान झुकलेली, कॉक्सा व्हारा. पुढे ऑस्टिओटॉमी, म्हणजे हाड कापून पुन्हा नीट बसवायची शस्त्रक्रिया, करावी लागली. त्या ग्रोथ प्लेटमधून पायाची फार तर १५ टक्के वाढ होते, आणि तेवढ्यासाठी मी पकड सोडली होती. आता शेवटचा फोटो घेण्याआधी आटे मोजतो. सगळे आटे फ्रॅक्चर ओलांडून गेले पाहिजेत. जागा पुरत नसेल तर सरळ ग्रोथ प्लेट ओलांडतो.

टॅप न करता, म्हणजे आधी आट्यांच्या खाचा न पाडता, स्क्रू रेटू नका. मुलांचं हाड कडक असतं, डोकं स्क्रूबरोबर फिरतं आणि जमलेलं रिडक्शन (तुकडे जागेवर बसवणं) जातं.

बंद, म्हणजे चीर न देता केलेलं, रिडक्शन दोनदा जमलं नाही तर चीर देऊन उघडा. तिसऱ्यांदा ओढाताण करणाऱ्यांना मी थिएटरबाहेर पाठवतो.

‘स्क्रू घातलाय, मग स्पायका कशाला?’ दहा वर्षांखालच्या मुलाला मी स्पायका, म्हणजे कमरेपासून पायापर्यंतचं प्लास्टर, घालतोच. ते तुमचं ऐकत नाही, प्लास्टरचं ऐकतं.

आणि सहा महिन्यांत फाइल बंद करू नका. एव्हीएन वर्षभरानंतरही डोकं वर काढते. मूल पळू लागलं की पालक यायचे थांबतात, म्हणून मी पहिल्याच दिवशी दोन फोन नंबर लिहून घेतो आणि २ वर्षांनंतरची तारीख कागदावर टाकून देतो.