होडीवर खडूसारखी पूड येत होती तेव्हा

पैठणला नाथसागरावर आमची फायबरची जुनी होडी आहे. दोन उन्हाळे ताडपत्रीविना पडून राहिली अन् निळा रंग पार विटला. हात फिरवला की तळव्याला खडूसारखी पूड! मी आपलं गाडीचं वॅक्स आणून थापलं. चार दिवस चमकली, पुन्हा जैसे थे.

शेवटी गॅरेजवाले मामा म्हणाले, "अरे बाबा, मेलेल्या थरावर मेण चोळून काय होणार?" खरंच होतं. उन्हानं जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या रंगीत चकचकीत लेपाचा, वरचा थर खलास झाला होता, आधी तोच काढायचा. साबणानं धुतली, 1000 नंबरचा पाणपेपर (बारीक सँडपेपर) ओला ठेवून हलक्या हातानं फिरवला, मग रबिंग कंपाउंड (घासायची पेस्ट), मग बारीक पॉलिश. कडांना जपा, तिथं जेलकोट पातळ असतो. एका जागी मी जोर लावत बसलो अन् खालचे फायबरचे धागे दिसायला लागले. ते ठिगळ अजून डोळ्यात खुपतं.

मेण सगळ्यात शेवटी. कार्नोबाची (झाडापासून मिळणाऱ्या मेणाची) झळाळी देखणी, पण आपल्या उन्हात लवकर उतरते, म्हणून मेणाच्या जागी सिंथेटिक सीलंट (कृत्रिम संरक्षक लेप) घेतलं. तेही पहाटे, सावलीत लावलं; तापलेल्या अंगावर ते पुसायच्या आतच वाळून डाग धरतं.