हृदयाभोवतीचं पाणी काढलं, पण सायटोलॉजीला, म्हणजे पेशी तपासायला, पाठवलं का?

इंटर्नशिपसाठी नवी मुंबईत येताय, तर कॅज्युअल्टीतली माझी एक चूक आधीच सांगून ठेवतो.

घणसोलीहून एक मावशी आल्या, पंचेचाळिशीच्या. "जिना चढवत नाही, रात्री बसूनच काढते." पंधरा दिवस दम्याची औषधं चालू होती. छातीत घरघर नव्हती. मानेच्या शिरा मात्र टरारलेल्या, बीपी ९० वर. ईसीजीत क्यूआरएस, म्हणजे प्रत्येक ठोक्याचा उंच सुळका, एका ठोक्याला उंच, पुढच्याला बुटका. लीड (ईसीजीची वायर) नीट लागली नसेल म्हणून मी पुन्हा काढला. तेच! हृदय पाण्यात हेलकावे खातं तेव्हा असं दिसतं, हे परीक्षेत लिहून आलो होतो. कागद हातात असताना ओळखलं नाही. रजिस्ट्रारने बीपीच्या पट्ट्याची (कफची) हवा अगदी हळू सोडायला लावली. आवाज आधी फक्त श्वास सोडताना, मग सलग. या दोन आकड्यांमधलं अंतर १८. हे १०च्या वर गेलं की टॅम्पोनाड, म्हणजे भोवतालच्या पाण्याने हृदय दाबलं जाणं, डोक्यात हवं. एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पाणी दिसलंच, हृदयाचा उजवा भाग दबलेला.

पिगटेल, म्हणजे पाणी काढायची बारीक नळी, टाकली, लालसर पाणी आलं आणि मावशींनी पाठ टेकली. फॉर्म भरायचे माझ्याकडे. हृदयाभोवती पाणी म्हणजे आपल्याकडे आधी टीबी, त्यामुळे टीबीच्या तपासण्यांवर हात आपोआप चालला: एडीए, सीबीनॅट, कल्चर. सायटोलॉजी राहिली. नळी आतच होती म्हणून निभावलं. सरांनी राउंडला विचारल्यावर ताजं पाणी पाठवलं. ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे कर्करोग, मूळ फुफ्फुसात. बाईंनी कधी तंबाखूसुद्धा खाल्ली नव्हती. खारघरच्या ॲक्ट्रेकसाठी (टाटाचं कर्करोग केंद्र) चिठ्ठी लिहीत होतो तर म्हणाल्या, "टीबी असता तर बरं झालं असतं, नाही का डॉक्टर?" मला उत्तर सुचलं नाही.

सायटोलॉजी निगेटिव्ह आली तरी संशय असेल तर पुन्हा पाठवा, एकदा चुकते.

रक्ताच्या गुठळ्यांचंही तसंच, मागे कर्करोग असू शकतो हे विसरायला होतं. कारण नसताना शिरांत रक्त गोठतं, तेही कधी इथे, कधी तिथे, तर आत कर्करोग दडलेला असू शकतो. फ्रेंच डॉक्टर ट्रूसो यांनी हे १८६५ साली मांडलं आणि दोनच वर्षांत स्वतःच्या अंगावर ओळखलं. पोटाच्या कर्करोगाने गेले. पोटाच्याच कर्करोगात क्वचित फुफ्फुसाच्या अगदी बारीक रक्तवाहिन्या बुजतात. सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) स्वच्छ, एकोत उजव्या बाजूवर ताण, ऑक्सिजन मात्र घसरत चाललेला. अशा वेळी "गुठळी नाही" एवढं लिहून थांबू नका. भूक, वजन, काळी शी विचारा. एंडोस्कोपीचं सरांकडे काढा, ओरडले तरी.