घरी फास्ट राइडिंग मोअर बनवायचाय? मग सुरुवात ब्रेकपासून करा

राइडिंग मोअर म्हणजे बसून चालवायची ती गवत कापायची गाडी, कंपनीतून येते तेव्हा ती साधारण ताशी ८-१० किलोमीटरने पळते, आणि फास्ट करायची म्हटलं की सगळे आधी इंजिनलाच हात घालतात. तसं करू नका. माझं स्पष्ट मत आहे की वेग ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे, दोन पुल्या बदलल्या की वेग येतो, खरी मेहनत आहे ती वेग आल्यावर गाडी वळवण्यात आणि थांबवण्यात. म्हणून आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, इंजिन सगळ्यात शेवटी.

सगळ्यात पहिलं काम, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवा आणि ब्लेडसकट अख्खा डेक, म्हणजे गाडीखालचा ब्लेडचा पत्र्याचा डबा, खाली उतरवा. नुसता ब्लेडचा बेल्ट काढला आणि ब्लेड तसंच लटकत ठेवलं हे अजिबात चालणार नाही. ब्रिटनमध्ये १९७३ पासून या गाड्यांच्या रेस होतात, अमेरिकेतही होतात, आणि तिथेही ब्लेड काढल्याशिवाय ट्रॅकवर कुणी सोडत नाही. डेक गेला की वजनही बरंच कमी होतं, आणि खाली चॅसीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, किती जागा आहे ते पहिल्यांदा नीट दिसतं.

चॅसी बहुतेक वेळा वाकवलेल्या पत्र्याची असते, हळू चालायला ठीक, पण खड्ड्यात जोरात आपटली की पिळली जाते. दोन्ही बाजूंनी आतून चौकोनी पाइप लांबीभर वेल्ड करा आणि पुढच्या एक्सलपाशी व सीटखाली आडवे पाइप द्या. वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी काढून लांब नेऊन ठेवायची, बॅटरीची वायर सोडायची, यात आळस नको. हे करताना गाडी खाली आणा आणि चाकांमधलं अंतर वाढवा, कारण मूळ गाडी उंच आणि अरुंद असते, माणूस वर बसतो, जोरात वळली की आतली चाकं उचलतात. सीट जितकी खाली जाईल तितकी न्या, मग दिसायला कशी का दिसेना.

आता ब्रेक. मूळ ब्रेक गिअरबॉक्सवर असतो, छोटासा, तो उभी गाडी धरून ठेवायला पुरतो. वेग सहापट झाला तर गाडीतली ऊर्जा सहापट नाही, ३६ पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते, आणि ती सगळी ब्रेकला गिळायची असते. त्यामुळे मागे अखंड एक्सल टाकून त्यावर चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने) पक्की केलेली एक डिस्क बसवा, कॅलिपर (डिस्कला चिमटा घेणारा भाग) आणि मास्टर सिलिंडर (पॅडलने दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा) मोटरसायकलच्या मागच्या ब्रेकचं चालतं. एक्सल अखंड असल्यामुळे एकाच डिस्कवर दोन्ही चाकं थांबतात. कॅलिपरचा ब्रॅकेट मात्र जाड पट्टीचाच करा, सगळा झटका त्याच्यावर येतो.

स्टिअरिंगमध्ये मूळ गाडीत पत्र्याचा दातेरी सेक्टर (अर्धवट दातेरी चाक) आणि त्यात फिरणारं छोटं पिनियन असतं, आणि त्यात इतका प्ले असतो की चक्र थोडं फिरवलं तरी चाक हलत नाही. हळू चालताना कळत नाही, पण ताशी ४० ला गाडी साप गेल्यासारखी वळवळायला लागते. तो सेक्टर काढा, सरळ रॉड आणि दोन्ही टोकांना चांगले रॉड एंड (गोळीवर फिरणारे सांधे) लावा. पुढच्या चाकांत बुश असतात तिथे बॉल बेअरिंग घाला. किंगपिनचं (ज्या उभ्या पिनवर पुढचं चाक वळतं तिचं) वरचं टोक साधारण १० अंश मागे झुकवा म्हणजे चक्र सोडल्यावर चाकं आपोआप सरळ येतात, हा एक बदल केला तरी गाडी चालवतानाचा विश्वास वाढतो. सगळीकडे लॉक नट.

मग वेगाचा हिशोब, मला स्वतःला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. समजा इंजिन ३६०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर, चालतंय आणि मागचं चाक १८ इंची आहे, म्हणजे एका फेरीत जवळपास १.४४ मीटर. एकूण रिडक्शन ३६ ला १, म्हणजे इंजिनच्या ३६ फेऱ्यांना चाकाची एक, असेल तर चाक मिनिटाला १०० वेळा फिरतं, वेग ताशी साडेआठच्या आसपास. आता या ३६ मधलं २ ला १ पुल्यांचं आणि १८ ला १ गिअरबॉक्सचं असं धरा, इंजिनवर ३ इंची आणि गिअरबॉक्सवर ६ इंची पुली. त्याऐवजी इंजिनवर ५ आणि गिअरबॉक्सवर ३ इंची लावली की एकूण रिडक्शन १०.८ वर येतं आणि वेग ताशी २८-२९, इंजिनला हातही न लावता! फक्त गिअरबॉक्स गिअरवाला पाहिजे, हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारा) असेल तर तो इतका वेग सोसत नाही, तापतो. याहून जास्त हवं असेल तर चेन-स्प्रॉकेटवर जा, ६ ला १ ठेवलं तर ताशी ५० च्या पुढे.

इंजिनचा गव्हर्नर, म्हणजे आरपीएमवर मर्यादा ठेवणारा भाग, काढायचा मोह सगळ्यांना होतो. तो ३६०० च्या पुढे जाऊ देत नाही याला कारण आहे, आतला कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा आणि फ्लायव्हील ओतीव असतं. आरपीएम दीडपट केले तर त्यांच्यावरचा ताण सव्वादोनपट होतो, रॉड तुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येतो आणि फ्लायव्हील फुटलं तर तुकडे गोळीसारखे उडतात, आणि तुम्ही त्याच्या समोरच बसलेले असता. बिलेटचा (अखंड धातूच्या ठोकळ्यातून कोरलेला) रॉड आणि बिलेटचं फ्लायव्हील बसवल्याशिवाय गव्हर्नरला हात लावू नका, खरंच सांगतोय.

माणूस सीटवरून उठला की इंजिन बंद करणारा सीटखालचा स्विच उसळणाऱ्या गाडीत इंजिन मधेच बंद पाडतो म्हणून लोक तो शॉर्ट करून टाकतात. काढायचाच असेल तर त्याजागी दोरीवाला किल स्विच लावा, दोरीचं एक टोक मनगटाला, तुम्ही पडलात की दोरी सुटते, मॅग्नेटो (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) अर्थ होतो आणि इंजिन बंद. ॲक्सिलरेटर पायाचा करा, त्याला दोन स्प्रिंग लावा, एक तुटली तरी दुसरीने थ्रॉटल बंद झालाच पाहिजे.

पहिली चाचणी मोकळ्या बंद मैदानात घ्या, रस्त्यावर नको. फुल हेल्मेट, ग्लोव्हज, घोट्याच्या वर येणारे बूट. आधी चालण्याच्या वेगात ब्रेक मारून बघा, मग किल स्विचची दोरी ओढून बघा, मग थोडा वेग. दहा मिनिटं चालवली की थांबा, इंजिन थंड होऊ द्या आणि पाना घेऊन एक्सल, कॅलिपर, स्टिअरिंगचे सगळे बोल्ट परत आवळा, पहिल्या फेरीनंतर दोन-तीन तरी सैल झालेले सापडतीलच.