फायटरसाठी नवा सबक्लास तोलताना : ‘अंधारीच्या पहारेकऱ्या’चे उदाहरण

दौलताबादच्या किल्ल्यात खंदकावरचा अरुंद पूल ओलांडला की खडकात कोरलेली अंधारी लागते. वळणे घेत चढत जाणाऱ्या त्या काळोख्या वाटेत मूठभर पहारेकऱ्यांनी मोठी तुकडी अडवावी, अशीच तिची रचना आहे. छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या रविवारच्या टेबलावरील एक खेळाडू ही जागा पाहून आला आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांवर चालणाऱ्या कथाखेळाच्या पाचव्या आवृत्तीतील फायटर या लढवय्या क्लाससाठी (क्लास म्हणजे पात्राचा पेशा, सबक्लास म्हणजे त्यातली खास शाखा) ‘अंधारीचा पहारेकरी’ या सबक्लासची दोन पाने लिहून घेऊन आला. पात्र अनुभवाने पातळ्या चढत जाते; मसुद्यात तिसऱ्या पातळीवरच तीन गोष्टी होत्या : डोळ्यांवाचून तीस फुटांपर्यंतचे जाणवण्याची ब्लाइंडसाइट, अंधारात प्रत्येक हल्ल्याला ॲडव्हान्टेज (फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरण्याची मुभा) आणि जवळ येणाऱ्या प्रत्येक शत्रूवर त्याला जागीच थांबवणारा एक जादा वार. हा मसुदा छाटून खेळण्याजोगा कसा केला, ते पुढे दिले आहे. आकडे २०१४ च्या नियमांचे आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांतही फायटरच्या सबक्लासच्या पातळ्या त्याच राहिल्या आहेत.

प्रथम सबक्लास काय करतो ते एका वाक्यात लिहावे. आमचे वाक्य ‘हा अरुंद वाट अडवतो’ एवढेच होते. त्या वाक्यात न बसणारी क्षमता कितीही आकर्षक असली तरी बाजूला काढून ठेवावी. ती दुसऱ्या एखाद्या सबक्लासला उपयोगी पडते.

त्यानंतर सांगाडा घ्यावा. फायटरला सबक्लासच्या क्षमता ३, ७, १०, १५ आणि १८ या पातळ्यांवर मिळतात, तर रोग (चोरटा) या क्लासला ३, ९, १३ आणि १७ वर. हे अंतर आपल्या मनाने बदलू नये, कारण मधल्या पातळ्यांवर मूळ क्लास काय देतो याचा हिशेब त्यात आधीच धरलेला असतो.

खरे काम किंमत ठरवण्याचे आहे. कोणत्याही क्षमतेची किंमत खेळात आधीपासून असलेल्या तशाच क्षमतेवरून काढावी. दहा फुटांची ब्लाइंडसाइट फायटरला एका फायटिंग स्टाइलच्या (निवडून घ्यायच्या लढण्याच्या पद्धतीच्या) बदल्यात घेता येते. त्यामुळे तीस फुटांची ब्लाइंडसाइट त्याहून बरीच महाग ठरते. शिवाय सोबतच्या जादूगाराने दुसऱ्या पातळीचा ‘डार्कनेस’ मंत्र टाकला की साधी डार्कव्हिजन (काळोखात दिसण्याची क्षमता) तेथे चालत नाही, मात्र ब्लाइंडसाइट चालते. पहारेकरी एकटाच लढतो आणि बाकीचे चौघे आंधळे होऊन सुशीला (चुरमुऱ्यांचा पदार्थ) खात बसतात. अंधारातल्या ॲडव्हान्टेजची तर गरजच नव्हती, कारण ज्या शत्रूला आपण दिसत नाही त्याच्यावरील हल्ल्याला मूळ नियमच ॲडव्हान्टेज देतात. उरली वाट अडवणारी क्षमता. पोलआर्म मास्टर हे फीट (वेगळे निवडून घ्यायचे कौशल्य) शत्रू टप्प्यात शिरताच वार करू देते आणि सेंटिनेल हे फीट तशा वाराने त्याला जागीच थांबवते. थोडक्यात, आमच्या खेळाडूने दोन फीटांचा माल तिसऱ्या पातळीवर, कोणत्याही शस्त्रासाठी आणि फुकट मागितला होता. कॅव्हेलियर या सबक्लासला याच्या जवळपासची क्षमता दहाव्या पातळीवर मिळते, हे दाखवल्यावर त्याने स्वतःच पेन उचलले.

मग या वाराच्या वापरांना मर्यादा घातली. ती किती असावी, हे बेरजेने ठरते. २०१४ च्या मार्गदर्शनानुसार एका दिवसात मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ लढाया आणि दोन शॉर्ट रेस्ट (तासाभराच्या विश्रांती) गृहीत धरलेल्या आहेत. सहा लढाया आणि प्रत्येकी चार राउंड (प्रत्येकाच्या एकेका पाळीची फेरी) धरले, तर तिसऱ्या पातळीचा फायटर दिवसभरात २४ वार करतो. चॅम्पियन या फायटरच्याच सबक्लासला वीस बाजूंच्या फाशावर २० प्रमाणे १९ वरही क्रिटिकल, म्हणजे नुकसानाचे फासे दुप्पट करणारा वार, मिळतो. म्हणजे ग्रेटस्वोर्डच्या दोन फाशांची सरासरी ७ धरल्यास प्रत्येक वारामागे ७ चे ५ टक्के, म्हणजे ०.३५, आणि दिवसाला ८.४ इतके जादा नुकसान होते. बॅटल मास्टर या दुसऱ्या सबक्लासकडे नुकसानात मिळवायचे आठ बाजूंचे चार फासे असतात आणि ते प्रत्येक शॉर्ट रेस्टनंतर परत मिळतात. दिवसाचे १२ फासे, सरासरी ४.५, एकूण ५४. नवा सबक्लास या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसला पाहिजे. आमच्या पहारेकऱ्याचा लाँगस्वोर्डचा वार सरासरी ७.५ चा आणि लागण्याची शक्यता ६५ टक्के, म्हणून एका वापराची किंमत साधारण ४.९ येते. प्रत्येक शॉर्ट रेस्टला दोन वापर दिले की दिवसाचे सहा वापर होतात आणि बेरीज सव्वाएकोणतीसच्या आसपास राहते. शत्रू जागीच थांबण्याचा लाभ वेगळा. पण हा वार रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची कृती) खर्चून होतो आणि ती राउंडमध्ये एकच असल्याने पहारेकऱ्याला नेहमीचा अपॉर्च्युनिटी अटॅक (टप्प्याबाहेर निघालेल्या शत्रूवरचा वार) सोडावा लागतो. या दोन गोष्टी एकमेकींना पुरत्या खोडत नाहीत, तरी जवळपास येतात.

मात्र पुस्तकातला दिवस आपल्या टेबलावर उगवतोच असे नाही. आमच्याकडे तीन तासांच्या बैठकीत दोन लढाया झाल्या तरी पुष्कळ. शॉर्ट रेस्ट न घेता तेवढ्याच लढाया झाल्या, तर बॅटल मास्टर १८ वर येतो, चॅम्पियन २.८ वर आणि पहारेकरी जेमतेम दहावर. क्रम तोच राहिला, म्हणून आकडा बदलला नाही. लाँग रेस्टला (रात्रभराच्या विश्रांतीला) परतणाऱ्या क्षमता असत्या तर क्रम उलटला असता. हा हिशेब प्रत्येकाने आपापल्या डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) विचारून करावा. त्याच वेळी राक्षस जवळ येऊन लढतात की लांबून बाण मारतात, हेही विचारावे, कारण दुसऱ्या प्रकारच्या डीएमपुढे हा सबक्लास घेऊन बसण्यात अर्थ नाही.

सातवी पातळी फायटरच्या सबक्लासमध्ये बहुधा लढाईबाहेरच्या उपयोगाची असते. तेथे गाळलेली ब्लाइंडसाइट दहा फुटांची करून परत आणली आणि भुयारात दिशा न चुकण्याची क्षमता तिला जोडली. पाचव्या पातळीला दोन आणि अकराव्या पातळीला तीन वार मिळू लागल्यावर एका जादा वाराचे महत्त्व आपोआप घटते. म्हणून दहाव्या पातळीवर वापर तीन केले आणि शत्रू थांबला की एका सोबत्याने स्वतःची रिॲक्शन खर्चून अर्ध्या वेगाने सरकावे, अशी मुभा दिली. वापर संपले असताना लढाई सुरू झाली तर एक वापर परत मिळावा, ही पंधरावी पातळी सरळ बॅटल मास्टरकडून घेतली आहे. अठराव्या पातळीला राउंडमध्ये एक जादा रिॲक्शन ठेवली.

शब्दरचनेत दोन ठिकाणी फसगत झाली. मराठीत लिहिताना ‘एका वेळी एकदा’ असे लिहिले होते. त्याचा अर्थ टर्नला एकदा की राउंडला एकदा, यावर अर्धा तास गेला. हे दोन शब्द इंग्रजीतलेच ठेवलेले बरे, कारण एका राउंडमध्ये प्रत्येकाचा स्वतंत्र टर्न असतो आणि रोगचा स्नीक अटॅक (जादा नुकसान करणारा छुपा वार) टर्नला एकदा असल्यामुळेच दुसऱ्याच्या टर्नमध्येही लागू शकतो. दुसरी चूक चाचणीत दिसली.

चाचणी ३, ५ आणि ११ या पातळ्यांवर घ्यावी आणि प्रत्येक वेळी दुसरा एक खेळाडू छापील सबक्लास घेऊन बसवावा. आमच्या पहारेकऱ्याने तिसऱ्या पातळीच्या चाचणीत दहा फूट टप्प्याचे ग्लेव्ह (लांब दांड्याचे पाते) घेतले आणि रुंद दालनसुद्धा एकट्याने अडवून धरले; मागच्या क्लेरिकला (पुरोहित पात्राला) दोन राउंड काहीच करावे लागले नाही. नियमात ‘तुमच्या टप्प्यात’ होते. तेथे ‘पाच फुटांच्या आत’ असे लिहिले आणि पुढच्या रविवारी तेच दालन, तेच गॉब्लिन पुन्हा मांडले. या वेळी दोघे कडेने निसटून क्लेरिकपर्यंत पोहोचले.