मराठी फॉन्ट कसा बघायचा? आधी ‘विठ्ठल’ लिहून बघा

फॉन्ट निवडताना आपण यादी खालीवर करतो आणि जो जरा ठसठशीत दिसेल तो लावून मोकळे होतो, पण दोन मिनिटं थांबून अक्षरं बघायची सवय लागली ना, की रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा वेगळ्या दिसायला लागतात.

मी सगळ्यात आधी ‘विठ्ठल’ टाइप करते. ठ ला ठ नीट जोडलाय की नुसता पाय मोडून ठेवलाय? मग ल बघायचा. आपला ल पाकळीचा आणि श देठाचा, शासनाच्या २००९ च्या वर्णमालेतही तेच आहेत. युनिकोडमधे, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरलेला कोड देणाऱ्या पद्धतीत, मराठी आणि हिंदी ल चा कोड एकच, आकार फॉन्ट ठरवतो, त्यामुळे दंडाचा, म्हणजे हिंदीसारखा उभ्या काठीचा ल आला तर लगेच फॉन्ट टाकून देऊ नका, मजकुराची भाषा मराठी सेट करून बघा. काही फॉन्टमधे दोन्ही आकार असतात आणि सॉफ्टवेअरने साथ दिली तर ल आपोआप बदलतो, मला तर हे बघून दरवेळी आनंद होतो!

नंतर ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’. पहिले गुरुजी, दुसरे स्वयंपाकी, सगळा अर्थ एका र वर. पहिल्या शब्दात रफार आणि अनुस्वार शेजारी शेजारी येतात, ते एकमेकांत घुसले तर छोट्या साइझला नुसता डाग दिसतो.

आता एक परिच्छेद ९-१० पॉइंटमधे प्रिंट काढा आणि डोळे किलकिले करून बघा. काळी अक्षरं नाही, त्यांच्या आतली आणि मधली पांढरी जागा बघायची. घ-ध, भ-म पटकन वेगळे कळतायत का? मजकुरासाठी हे हवंच, शीर्षकाचं गणित वेगळं. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ फॉन्ट बघा, इतका गुबगुबीत की आतली पांढरी जागा रेघेएवढीच उरते, तरी वाचता येतो! उलट विंडोजमधला, अक्षररचनाकार र. कृ. जोशींचा ‘मंगल’ स्क्रीनवर वाचायला केलेला, त्याला मोदकाच्या मापाने मोजू नका.

जमलं तर बोरू, म्हणजे तिरक्या टोकाची लेखणी, आणून क गिरवा. जाड-बारीक कुठून येतं ते हाताला कळतं, आणि इंग्रजी अक्षरांत जाड-बारीकचा कल उलटा का, तेही.

आणि जुनी छपाई बघाच. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ चा, तेव्हा छापायच्या मापाचंच अक्षर पोलादावर उलटं कोरायचे, त्याचा ठसा तांब्यात आणि मग त्यातून शिशाचा खिळा, म्हणजे छपाईचं सुटं अक्षर. रद्दीवाल्याकडे त्यांचं एखादं संस्कृत पुस्तक मिळालं तर भिंग घेऊन बसा, जोडाक्षरांपासून सुरुवात करा.